‘रक्त येईपर्यंत ओरडा’ म्हणणाऱ्या निरोपाला उत्तर

सध्या तरुण गायक-वादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक लांबलचक निरोप फिरतो आहे. व्हॅम्पायर रॉकस्टार खरोखर असता तर त्याचा गाता आवाज कसा लागला असता, हा त्याचा विषय आहे. निरोप सांगतो की त्याला श्वास लागत नाही म्हणून त्याची तान संपत नाही, तो म्हातारा होत नाही म्हणून त्याचा आवाज उतरत नाही, तो रक्त पितो म्हणून त्याचा गळा तुळतुळीत राहतो, आणि हा आवाज मुळातच खर्जातला, घोगरा व गुरगुरणारा असतो. एवढ्यावर निरोप थांबला असता तर कल्पनाविलास म्हणून मी तो सोडून दिला असता. मात्र उत्तरार्धात तोच आवाज माणसाने कमावण्याची कृती दिली आहे: पाणी कमी प्यावे, मध्यरात्रीनंतर पूर्ण ताकदीने ओरडावे, आणि घशात रक्ताची चव येईपर्यंत थांबू नये, कारण ‘रक्त आले की आवाज उघडला’.

माझ्या बहिणीचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गॅदरिंगच्या बँडमध्ये गातो. त्याने ही कृती मनापासून आचरली आणि मग मला फोनवर, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात विचारले, “मावशी, आवाज पार बसलाय, म्हणजे आता तयार व्हायला लागलाय न्हवं?” मी कोल्हापुरात घरी गाण्याच्या शिकवण्या घेते. त्यामुळे या प्रश्नानंतर गप्प बसणे मला शक्य नव्हते.

निरोपात ज्याचे नाव घेतले आहे, त्या लेस्टॅटपासूनच सुरुवात करू. अमेरिकन लेखिका अ‍ॅन राइस यांच्या 1985 सालच्या कादंबरीत हा व्हॅम्पायर 1984 मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे एका रॉक बँडच्या आवाजाने जागा होतो आणि स्वतः त्या बँडचा गायक होतो. तो जन्माने मात्र अठराव्या शतकातला, फ्रान्सच्या ओव्हेर्न्य प्रांतातल्या सरदार घराण्यातला आहे, आणि व्हॅम्पायर होण्यापूर्वी पॅरिसच्या एका लहानशा नाट्यगृहात नट होता. निरोप लिहिणाऱ्याने एवढे जरी ध्यानात घेतले असते तरी ‘घोगरा खर्ज’ त्याला सुचला नसता. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. नटाला आपला शब्द आणि सूर शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या गळ्याने पोहोचवावा लागे, आणि घोगरा आवाज तिसऱ्या रांगेच्या पलीकडे जात नाही. शिवाय त्या काळच्या पॅरिसची आवड उंच, टणक पुरुषी आवाजाची होती. ग्लूक या संगीतकाराने 1762 मध्ये व्हिएन्नात एका कास्त्रातो गायकासाठी (लहानपणीच खच्चीकरण केल्याने आवाज बायकांसारखा उंच राहिलेल्या पुरुषासाठी) रचलेली ऑपेरातली नायकाची भूमिका 1774 मध्ये पॅरिससाठी नव्याने बेतली, ती लग्रो नावाच्या अशाच उंच पट्टीच्या गायकासाठी. कोल्हापूरकरांना हे समजायला पॅरिसला जाण्याची गरज नाही. संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव भोसले (1890–1921) याच मातीतले, आणि ध्वनिक्षेपकाशिवाय प्रेक्षागृह भरून टाकणारा त्यांचा आवाज हा आजही आपल्याकडे अभिमानाने सांगण्याचा विषय आहे. तालमीत तयार झालेल्या अशा गळ्यात सुमारे 3000 हर्ट्झच्या आसपास ध्वनीची ऊर्जा एकवटते आणि त्यामुळे तो वाद्यमेळ भेदून ऐकू येतो. ती धार ओरडण्यातून येत नाही. घशाची पोकळी योग्य आकारात धरण्यातून येते.

‘व्हॅम्पायरचा आवाज असाच असतो’ या ठाम विधानाचा निकाल तर चित्रपटानेच लावून टाकला आहे. याच पात्रावरच्या 2002 सालच्या चित्रपटात स्टुअर्ट टाउनसेंड या नटाला गाण्यापुरता आवाज दिला तो कॉर्न या बँडच्या जोनाथन डेव्हिसने. परंतु त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीशी असलेल्या करारामुळे बाजारात आलेल्या अल्बममध्ये त्याचा आवाज वापरता आला नाही. म्हणून तीच गाणी चेस्टर बेनिंग्टन, डेव्हिड ड्रेमन, मॅरिलिन मॅन्सन, वेन स्टॅटिक आणि जे गॉर्डन या पाच जणांनी गायली. पात्र एक, गाणी तीच, आणि आवाज सहा. सहाही एकमेकांपासून इतके वेगळे की डोळे मिटून ओळखावेत. यांतला खरा व्हॅम्पायरचा आवाज कोणता, हे निरोपकर्त्याने जरूर सांगावे.

आता श्वासाचा मुद्दा. श्वास लागत नाही म्हणून तान संपत नाही, हे म्हणजे वारा लागत नाही म्हणून बाजाची पेटी जास्त वेळ वाजते असे म्हणण्यासारखे आहे. गळ्यातील स्वरतंतू फुप्फुसांतून वर येणाऱ्या हवेच्या झोताने थरथरतात. झोत नसेल तर सूरही नाही, मग गाणारा जिवंत असो वा नसो. धडधाकट पुरुषाला एका श्वासात सुमारे साडेचार लिटर हवा बाहेर सोडता येते, आणि गाताना सेकंदाला साधारण 150 मिलिलिटर खर्च होते असे धरले तर हिशेब 30 सेकंदांवर येऊन थांबतो. सनईवादक गालांत हवा साठवून, नाकाने श्वास घेत सूर अखंड ठेवतात, पण गायकाला ती सोय नाही, कारण त्याचे वाद्य गालांच्या पलीकडे नसून अलीकडे, घशात आहे. एवढे मात्र मी कबूल करते की व्हॅम्पायरला गुदमरल्याची भावना होणार नाही, त्यामुळे तो छातीतली हवा शेवटच्या थेंबापर्यंत वापरू शकेल आणि चारचौघांपेक्षा त्याचा दमसास लांब असेल. पण त्यालाही पुढच्या ओळीपूर्वी हवा भरून घ्यावीच लागेल.

वय न वाढल्याने आवाज टिकेल, हे मान्य. विशीतच वय थांबले म्हणजे गळाही विशीतलाच राहील. मात्र पुरुषाच्या खर्जाला खरा भरदारपणा पुष्कळदा तिशीत येतो, आणि निरोप त्याच व्हॅम्पायरला खर्जाचा बादशहा ठरवतो, ही विसंगती लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. सुळ्यांमुळे उच्चारांना ‘गूढ धार’ येते, या वाक्यावर मी वेळ घालवत नाही.

रक्ताने गळा तुळतुळीत राहतो, या दाव्याला कोल्हापुरात येईपर्यंत स्थानिक फोडणीही मिळाली आहे. कोणीतरी मध्येच भर घातली आहे की रोज रक्ती (बकऱ्याच्या रक्ताचा पदार्थ) खावी आणि वर दोन कच्ची अंडी प्यावीत. रक्ती-मुंडी आवडीने खाणाऱ्या गावात हे कोणाला खटकले नसावे. रक्तीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण ती अन्ननलिकेतून जाते आणि स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. गिळताना स्वरयंत्राचे दार मिटते, आणि चुकून एखादा कण तिथे गेलाच तर ठसका लागून तो बाहेर फेकला जातो. म्हणजे खाल्लेला कोणताही पदार्थ स्वरतंतूंना वंगण घालत नाही. उलट रात्री उशिरा तांबडा रस्सा ओरपून लगेच आडवे झाले तर पोटातील आम्ल वर येऊन घसा सुजवू शकते, आणि सकाळी गायकाला त्याची किंमत मोजावी लागते. स्वरतंतूंवरचा ओलावा टिकतो तो शरीरात पुरेसे पाणी असल्याने, आणि निरोप नेमके तेच तोडायला सांगतो.

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी हे सगळे लिहिणे भाग पडले. ‘रक्त आले की आवाज उघडला’ हे वाक्य लिहिणाऱ्याने गळा आतून कधी पाहिलेला नाही. पुरुषाचे स्वरतंतू जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीचे असतात, साध्या बोलण्यातही ते सेकंदाला शंभराहून अधिक वेळा एकमेकांवर आपटतात, आणि वरच्या पट्टीत हा आकडा चारशेच्या पुढे जातो. कोरड्या गळ्याने, पूर्ण ताकदीने, तासभर ओरडल्यावर त्यांच्यावर काय बेतत असेल याचा अंदाज कोणालाही करता येईल. आधी सूज येते. मग त्याच जागी पुन्हा पुन्हा घर्षण झाले की गाठी धरतात, आणि एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली तर आवाज एका क्षणात जातो. ही रक्तवाहिनी फुटणे म्हणजे आवाज उघडणे नव्हे. ती दुखापत आहे, आणि तिच्यावर पहिला उपाय पूर्ण मौन हाच असतो. कुजबुजणेही त्यात चालत नाही, कारण कुजबुजतानाही अनेकजण गळा आवळतात. थुंकीतून रक्त आले तर वाट न पाहता, आणि घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर काहीही झाले तरी, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीने गळा पाहून घ्यावा.

कथेतल्या व्हॅम्पायरचे एक बरे असते. त्याची जखम पाहता पाहता भरून येते, त्यामुळे त्याने रोज गळा फाडला तरी दुसऱ्या रात्री तो कोरा करकरीत असणार. हा गुण ज्याच्याकडे नाही त्याने त्याची नक्कल करण्यात काय शहाणपण आहे? शिवाय जे रॉक गायक वर्षानुवर्षे गुरगुरतात, त्यांतले जाणते लोक स्वरतंतूंवर भार टाकत नाहीत. ते त्यांच्या वर असलेल्या जाड घड्या थरथरवतात, श्वास पोटातून आवरून सोडतात, आणि बाकीचे काम ध्वनिक्षेपकावर सोपवतात. समोर बसलेल्याला गर्जना वाटते ती प्रत्यक्षात पुष्कळदा बोलण्याहून फार मोठी नसते. हे शिकावे लागते, शिकवणाऱ्याच्या समोर बसून शिकावे लागते, आणि दुखले की थांबावे लागते.

निरोपाचा सर्वांत संतापजनक भाग पुढे आहे. कोल्हापुरातल्याच कोणीतरी त्यात भर घातली आहे की ‘अल्लादिया खाँसाहेबांचाही आवाज फाटला होता, म्हणूनच ते एवढे मोठे झाले’. यात अर्धे सत्य आहे, आणि ते नाइलाजाने मान्य करावे लागते. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक खाँसाहेब (1855–1946) तरुण वयात आमलेटा या संस्थानाच्या दरबारी असताना, तिथल्या दरबारासाठी अतोनात गावे लागल्याने त्यांचा आवाज गेला, आणि परत आला तेव्हा तो पूर्वीचा राहिला नव्हता. ज्यांना ही हकीकत मुळातून वाचायची आहे त्यांच्यासाठी नातू अझीझुद्दीन खाँ यांना खाँसाहेबांनी सांगितलेल्या आठवणी आहेत, आणि कोल्हापुरात वाढलेल्या गोविंदराव टेंबे यांनी लिहिलेले चरित्रही आहे. पण या हकीकतीत आवाज जाणे ही आपत्ती आहे, साधना नव्हे. उरलेल्या आवाजात काय करता येईल याचा विचार करून त्यांनी लयीच्या अंगाने गुंफत जाणारी, पेचदार, लांब दमसासाची गायकी घडवली. 1895 पासून शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहून त्यांनी ती शिकवली. मोठेपण त्या बुद्धीचे आहे, फाटलेल्या गळ्याचे नाही.

याचा पुरावा त्यांच्या शिष्यांच्या गळ्यात आहे. आवाज फाटणे ही पायरी असती तर गुरूने शिष्यांना ती चढायला लावली असती. केसरबाई केरकरांचा आवाज खुला, भरदार, सणसणीत होता, आणि 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे. मोगूबाई कुर्डीकरांची स्वच्छ, काटेकोर गायकी आजही ध्वनिमुद्रणांतून ऐकता येते. आपल्याच गावात पंचवीसहून अधिक वर्षे विद्या देणाऱ्या माणसाचे नाव असल्या कृतीला तारण म्हणून वापरले जावे, याचा मला मनस्वी राग आहे.

मध्यरात्रीनंतर गावे, या सूचनेमागे कुठेतरी ऐकलेली एक खरी गोष्ट असावी. भल्या पहाटे खर्जाचा रियाज करण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि झोपेतून उठल्यावर स्वरतंतू थोडे फुगलेले व सैल असल्याने खालचे सूर त्या वेळी सहज लागतात. पण तो रियाज झोप झाल्यावर, हळू आवाजात, षड्जावर रेंगाळत करायचा असतो. रात्रभर जागून हॉस्टेलच्या गच्चीवर किंचाळण्याशी त्याचा संबंध नाही.

राहता राहिले शेवटचे वाक्य: हा निरोप दहा गायकांना पाठवल्याशिवाय आवाज उघडत नाही म्हणे. आमच्या भाचेसाहेबांनी तो इमानेइतबारे पाठवला होता. त्यांच्या गळ्याला सूज असल्याचे तज्ज्ञांनी पाहिले असून तूर्त बोलणे बंद केले आहे, त्यामुळे ज्यांना ज्यांना निरोप गेला त्या सर्वांना हे उत्तर पोहोचवण्याचे काम मी त्यांच्याकडेच सोपवले आहे, आणि ते त्यांना टाइप करूनच करायचे आहे.