सुरुवात १९५४ पासून करा
लेखात अणुचाचणीबंदीची गोष्ट थेट १९९६ च्या सीटीबीटीपासून (सगळ्या अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या करारापासून) सुरू केलीय, ते खटकलं. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्ब फोडला, तेव्हा लांबवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर किरणोत्सारी पांढरी राख भुरभुरत राहिली. २३ खलाशी. केसांत राख, कपड्यांत राख, तरी बिचारे दोर ओढतच होते. सगळे आजारी पडले, रेडिओवाला तर सप्टेंबरात गेलाच. त्याआधीच, २ एप्रिलला, नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली होती. आणि ४२ वर्षांनी सीटीबीटीवर सही नाकारणाराही भारतच! (माझ्या मते नकार बरोबर होता, कारण असलेली अण्वस्त्रं नष्ट करायची मुदत करारात नव्हतीच.) पण नेहरूंचा साधा उल्लेखही नाही?