'रॉयल जॉर्ज' बुडालं, त्याला कुजकं लाकूड हे कारण पुरेसं नाही

29 ऑगस्ट 1782 ला इंग्लंडमधल्या पोर्ट्समथजवळ स्पिटहेडला नांगरलेलं ब्रिटिश नौदलाचं 'रॉयल जॉर्ज' काही मिनिटांत तळाला गेलं. कोर्ट मार्शलने खापर कुजलेल्या लाकडावर फोडलं आणि अधिकारी निर्दोष सुटले. मला हा निकाल पटत नाही.

जहाज साधंसुधं नव्हतं. 1756 साली वूलिचच्या गोदीतून उतरलेलं, तीन मजल्यांवर 100 तोफांचं. 1759 ला फ्रान्सच्या किनाऱ्यालगतच्या क्विबेरॉनच्या उपसागरात ऐन वादळात अ‍ॅडमिरल हॉकचं निशाण याच्यावर होतं आणि फ्रेंच 'स्यूपर्ब' याच्या माऱ्यानेच बुडालं. 1763 ला फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध संपल्यावर मात्र बरीच वर्षं बंदरातच गेली.

त्या सकाळी दुरुस्ती होती एका नळाची. डेक धुवायला समुद्राचं पाणी आत घेणारा हा नळ उजव्या अंगाला, पाण्याच्या रेषेखाली होता. वेढ्यात सापडलेल्या जिब्राल्टरला मदत पोचवायची मोहीम तोंडावर, म्हणून गोदीत न नेता जहाज जागेवरच डावीकडे कलवलं, म्हणजे उजवी बाजू पाण्यावर येईल. डावीकडच्या तोफा खिडक्यांतून पूर्ण बाहेर काढल्या, उजवीकडच्या ओढून मधोमध आणल्या. खालच्या मजल्यावरची एकेक तोफ कित्येक टनांची. कलवणं नेहमीचंच, पण यात एक मेख आहे: तोफ बाहेर असली की खिडकी बंद होत नाही. डावीकडच्या उघड्या खिडक्यांचे उंबरे पाण्याला टेकायला आले होते.

त्यातच 'लार्क' नावाचं छोटं जहाज रमची पिंपं घेऊन त्याच डाव्या बाजूला लागलं. पिंपं चढू लागली तसा कल वाढला आणि लाटा आत येऊ लागल्या. आत आलेलं पाणी उताराकडेच साचतं, म्हणजे वजन पुन्हा डावीकडेच. जहाजाच्या सुताराने 'जहाज सरळ करा' म्हणून दोनदा सांगितलं. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने ऐकलं नाही. शेवटी हुकूम सुटला तेव्हा एवढाल्या तोफा चढावर ओढायला वेळच उरला नव्हता. रिअर अ‍ॅडमिरल केम्पेनफेल्टसह सुमारे 900 जीव गेले. जहाज बंदराजवळ असल्याने खलाशांची बायकामुलं भेटीला आली होती, तीही त्यात गेली.

लाकूड कुजलं होतं, तशा साक्षीही झाल्या. पण उघड्या खिडक्यांतून पाणी येऊन जहाज उलटायला सांगाडा मोडावा लागत नाही. धडधाकट सागवानी जहाजही असंच गेलं असतं. नळाचं काम संपेपर्यंत 'लार्क'ला थांबवायचं, निदान सुताराच्या पहिल्याच सांगण्यावर डावीकडच्या तोफा आत घेऊन खिडक्या लावायच्या, एवढंच करायला हवं होतं.