किनारा आधी रापणीचा

तारकर्लीच्या वाळूत गाडी उतरवणाऱ्या प्रत्येकाला मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. हा किनारा आमच्या माणसांची कामाची जागा आहे आणि काम चालू असताना पाहुण्याने बाजूला उभे राहायचे असते.

आज सकाळी आमच्या वाडीची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, ओढणे चालू होते. होडीने अर्धगोल फेरा घेऊन जाळे टाकले होते, दोन्ही दोरांना माणसे लागली होती, आणि नेमकी एका दोराच्या वाटेवर एक मोठी गाडी उभी होती. ज्यांचे सारे आयुष्य रापणीवर गेले त्या आमच्या काकांनी हात जोडून सांगितले, "गाडी जरा बाजूक घेवा, रापण येता हा." त्यावर उत्तर मिळाले, "पाच मिनिटं थांबा ना, ड्रोन वर आहे."

रापण थांबत नसते. जाळे किनाऱ्याजवळ आले की दोन्ही बाजू सारख्या ओढीने याव्या लागतात. एक बाजू सैल पडली की खालची कड उचलली जाते आणि मासळी तिथून निसटते. आज तेच झाले. गेलेले तारली-बांगडे कोणा एकाचे नव्हते, कारण रापणीच्या मासळीचे वाटे पडतात आणि दोर ओढणारे प्रत्येक घर त्या वाट्याची वाट पाहत असते. आधीच बोटींवरून थवेच्या थवे वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनी आणि एलईडीच्या प्रखर दिव्यांनी मासळी खेचून केलेल्या मासेमारीने किनाऱ्यापर्यंत मासळी येईनाशी झाली आहे. जी येते तीही आता ड्रोनसाठी सोडून द्यायची का?

1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि पुढे घरोघरी पैसा आला, पोरांचे मुंबईला जाणे थोडे तरी थांबले, हे मान्य आहे. माझ्या घरीही पाहुणे उतरतात. पण त्या पैशाच्या जोरावर आपल्यातलेच काहीजण रापणकरांना "जाळी दुसरीकडे सुकवा, गिऱ्हाईकांना वास येतो" असे सांगू लागले आहेत, आणि त्याचा मला त्या गाडीवाल्यापेक्षा जास्त संताप येतो. तो बिचारा परका, त्याला दोर कुठून येतो ते कोणी सांगितलेलेच नव्हते. तुम्ही तर त्याच वाट्यावर वाढलात.

भरती चढू लागली तशी ती गाडी ओल्या वाळूत रुतली. ज्यांची मासळी गेली होती त्याच माणसांनी रापणीचाच दोर बांधून ती बाहेर काढली, पैसे घेतले नाहीत, आणि मी तावातावाने बोलू लागलो तेव्हा काकांनी मलाच गप्प केले, "जावंदे, पावणे आसत ते." काकांचे मन मोठे आहे, माझे आज तितके नाही.

देवबागपासून मालवणपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात त्या माझ्या मित्रांनो, खोलीची किल्ली हातात देतानाच त्यांना सांगा की गाडी वाळूत न्यायची नाही, आणि रापण ओढताना दिसली तर दोराला हात लावायला जरूर जा, रापणकर आनंदाने जागा देतील. आणि ज्याला हे सांगायला संकोच वाटतो, त्याने आपल्या पाहुण्याला माझ्याकडे पाठवावे, मी सांगेन.