हरळी मरत नाही : गहुंजेच्या पाण्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘सकाळी कालवा समिती, संध्याकाळी प्रेसिडेंट्स बॉक्स’ या लेखावरची तुमची मावळातून आलेली प्रतिक्रिया सविस्तर उत्तराला पात्र आहे. लेख कोणी वाचला नसेल तर त्याचा गाभा एवढाच होता: पाणीवाटप ठरवणारे नेते आणि क्रिकेट संघटना चालवणारे नेते आपल्याकडे एकाच घरातले असतात, त्यामुळे दुष्काळात गहुंजेसारख्या, म्हणजे पुण्याजवळ मावळात असलेल्या क्रिकेट मैदानाच्या पाण्यावर रागावायचं नक्की कोणावर, हे कळत नाही. लेख हलक्याफुलक्या भाषेत होता. तुमचे आक्षेप असे. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर काढले ते योग्यच होतं, ‘त्याने एक थेंबही वाचला नाही’ हे वाक्य क्रिकेटवेड्याचं आहे. प्रक्रिया केलेलं सांडपाणी मैदानाला द्या हे बोलायला सोपं, पण त्याने गवत जळतं आणि खेळाडू आजारी पडतात. क्रिकेट मंडळ निर्धाव चेंडूमागे झाडं लावतं, त्याचा उल्लेखही नाही. आणि दुष्काळ हा विनोदाचा विषय नाही.

‘एक थेंबही’ हे वाक्य चुकलं. ते मागे घेतो. का, ते हिशोबानेच सांगतो.

मैदानाचं पाणी म्हटलं की सगळे ‘खेळपट्टीचं पाणी’ म्हणतात, २०१६ मध्येही तेच म्हटलं गेलं. खेळपट्टी असते बावीस यार्ड लांब आणि दहा फूट रुंद, म्हणजे जेमतेम ६१ चौरस मीटर. तिच्यावर दहा मिलिमीटर पाणी मारलं तर लागतात सहाशे-सव्वासहाशे लिटर. मधला सगळा चौक, आठ-नऊ खेळपट्ट्यांचा, धरला तरी एका लहान टँकरात भागतं. पाणी पितं ते आउटफील्ड, म्हणजे चौकाबाहेरची सगळी हिरवळ. सीमारेषेबाहेरची पट्टी धरून मैदान साधारण साडेचार एकर, म्हणजे १८,००० चौरस मीटर. पुण्याच्या एप्रिल-मे मधल्या उन्हात हिरवळीतून रोज सुमारे पाच मिलिमीटर पाणी उडून जातं. गुणाकार केला की रोज ९०,००० लिटर, दहा हजारी टँकर नऊ. दोन महिन्यांचे झाले जवळपास ५५ लाख लिटर, फक्त एका मैदानाचे. २०१६ मध्ये राज्यातल्या तीन मैदानांसाठी ६० लाख लिटर हा आकडा न्यायालयात गाजला होता. तो फुगवलेला नव्हताच, उलट कमीच वाटतो. पडताळा हवा असेल तर बेंगळुरूचा घ्या: २०२४ च्या तिथल्या पाणीटंचाईत चिन्नास्वामी स्टेडियमसाठी कब्बन पार्कच्या केंद्रातून दिवसाला ७५,००० लिटर प्रक्रिया केलेलं पाणी मागितलं गेलं. आपला हिशोब त्याच्या आसपासच बसतो.

आता हे ६० लाख लिटर मोठे की छोटे? उसाला हंगामभर एकरी सुमारे एक कोटी लिटर पाणी लागतं, पाटाने दिलं तर जास्तच. त्या मापाने ६० लाख लिटर म्हणजे २४ गुंठे ऊस. हे मी लेखात लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे. पण त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तिच्या दहा वाघिणींत मिळून साधारण पाच लाख लिटर होते. त्या मापाने ६० लाख लिटर म्हणजे तशा बारा गाड्या. ऊसवाल्याला चोवीस गुंठे आणि लातूरकराला बारा गाड्या, दोन्ही खरं आहे. मी पहिलं माप दाखवलं आणि दुसरं दाखवलं नाही. तुमचा राग तिथे रास्त आहे.

मात्र सामने हलवणं हा खरा उपाय नव्हता, हे माझं म्हणणं तसंच आहे, आणि त्याचं कारण गवतात आहे. आउटफील्डवर जे बर्म्युडा लावतात ती आपली हरळीच, तिच्याच कुळातल्या निवडक जाती. हरळी काय चीज आहे हे मावळातल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. नांगरली तरी फुटते, उपटली तरी फुटते. पाणी तोडलं की वरून पिवळी पडते, पण जमिनीतली मुळी जिवंत राहते आणि पावसाच्या दोन सरींत परत हिरवी होते. तिला नुसती जगवायची असेल तर रोजच्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागतं. टीव्हीवर हिरवीगार दिसायला हवी असेल तर मात्र पूर्ण पाणी लागतं. म्हणजे बचत होते ती झडप आवळल्याने. १३ एप्रिल २०१६ च्या आदेशाने ३० एप्रिलनंतरचे सामने बाहेर गेले (पुण्याला १ मेचा तेवढा सामना मिळाला, बाकीच्यांसाठी पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला). पण इथल्या स्प्रिंकलरने रोज किती पाणी टाकायचं, हे सामने हलवून ठरत नाही. शिवाय विशाखापट्टणमलाही गवतच होतं. ‘मे महिन्यात आउटफील्डला दिवसाला ३०,००० लिटरच्या वर पाणी नाही, मीटर बसवा, रंग पिवळा चालेल’ असा नियम त्याच हंगामात झाला असता तर प्रत्येक मैदानामागे महिन्याला १८ लाख लिटर नक्की वाचले असते आणि सामनेही झाले असते. पिवळ्या आउटफील्डवर चेंडू जरा जास्त वेगाने पळतो, एवढाच फरक. माझ्या मते असा आदेश जास्त कडक ठरला असता, सौम्य नव्हे.

खेळपट्टीचं तसं नाही, तिथे पाणी तोडून चालत नाही. चिकणमाती भिजवायची, रोलर फिरवायचा, सुकू द्यायची, परत भिजवायची, या फेऱ्यांतूनच ती घट्ट होते. फेब्रुवारी २०१७ च्या गहुंजेतल्या कसोटीत कोरड्या खेळपट्टीवर भारत १०५ आणि १०७ धावांत आटोपला आणि खेळपट्टीवर ‘पुअर’ असा शेरा बसला. म्हणून मैदानात पाणी वाचवायचं ते आउटफील्डवर. चौकाला त्याचे सात-आठ हजार लिटर देऊन टाकायचे, त्यात कंजुषी करून हाती काही लागत नाही.

पवना नदीबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळं मान्य. धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच खाली येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जातं. गहुंजे त्याच वाटेवर आहे. तिथे नदीतून उचललेला लिटर पुढे कोणाच्या तरी नळाला येणारा असतो. आणि ज्या तालुक्यात पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध आंदोलन करताना ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ गोळीबारात तीन शेतकरी गेले, तिथे ‘थोडंसंच तर पाणी’ हे शब्द कोणी उच्चारू नयेत. २०१८ मध्ये कावेरीच्या वादामुळे चेन्नईचे सामने पुण्यात आले आणि इथे पवनेचा वाद उभा राहिला, उच्च न्यायालयाने मैदानासाठी नदीचं पाणी उचलायला मनाई केली. मैदानाचं पाणी औद्योगिक वापराच्या खात्यात कसं, हा प्रश्नही तेव्हा निघाला. पिण्याचं, शेतीचं, उद्योगाचं या उतरंडीत व्यावसायिक खेळाला स्वतःची पायरीच नाही. ती नसेल तर दर उन्हाळ्यात हा विषय न्यायालयातच जाणार.

आता सांडपाणी. तुम्ही म्हणता गवत जळतं. जळतं, पण कधी जळतं ते बघायला हवं.

पहिलं कारण क्षार. घरगुती सांडपाण्यात ते बेताचे असतात. मीटरवर विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप, दीडच्या आत (डेसिसीमेन्स प्रति मीटर) असेल तर हरळीला काही होत नाही, तीनपर्यंतही ती तग धरते. पण गटारात प्लेटिंगच्या कारखान्याचं पाणी मिसळलं तर आकडा चढतो आणि पानांची टोकं करपतात. म्हणून केंद्र निवडताना त्याच्या मागे नुसती वस्ती आहे की औद्योगिक वसाहत, हे आधी बघायचं. दुसरं कारण सोडियम. याने गवतापेक्षा माती बिघडते. काळी माती सोडियमने फुगते, तिची भोकं बुजतात, पाणी वर साचतं, मुळ्या गुदमरतात, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं पाण्याने गवत जाळलं. यावर पावसाळ्याआधी जिप्सम टाकतात आणि पहिल्या मोठ्या पावसात क्षार खाली धुऊन जाऊ देतात. खालचे निचऱ्याचे पाइप मोकळे असायला हवेत, नाहीतर धुतलेले क्षार जातील कुठे? याच सोडियममुळे चौकावर हे पाणी कधीच मारायचं नाही. तिथे गोडं पाणीच.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त ठिकाणी दिसतं, आणि ते माणसाच्या सवयीतून येतं. प्रक्रिया केलेल्या पाण्यात नत्र असतं. लिटरमागे दहा मिलिग्रॅम धरा. रोज ९०,००० लिटर म्हणजे रोज ९०० ग्रॅम नत्र, महिन्याला २७ किलो. युरियाच्या भाषेत ५८-५९ किलो, ४५ किलोच्या गोणीच्या हिशोबात सव्वा गोणी. हे खत पाण्यातून फुकट आलं, तरी नेहमीच्या वेळापत्रकाने वरून युरिया टाकतातच. मग गवत लुसलुशीत, मऊ वाढतं, आठवड्यात एक कापणी जास्त लागते, आणि दमट रात्री बुरशीचे रुपयाएवढे फिके ठिपके पडतात. दोष पाण्याला लागतो. उपाय फुकटचा आहे: महिन्याला सव्वा गोणी युरिया कमी करायचा.

खेळाडूंच्या आरोग्याची काळजी योग्य आहे. क्षेत्ररक्षक घसरत झेप घेतो, गुडघे-कोपर सोलतात, हात तोंडाला लागतो. म्हणून नदीत सोडण्यापुरतं साफ केलेलं पाणी इथे चालत नाही. त्यावर वाळूचा फिल्टर, शक्यतो अल्ट्राफिल्ट्रेशन, मग क्लोरीन किंवा अतिनील दिवा, एवढं हवं. बीओडी (पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप) दहाच्या आत आणि गढूळपणा दोन एनटीयूच्या आसपास असेल तर निर्जंतुकीकरण नीट बसतं. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात, तिथे क्लोरीन कितीही ओता, उपयोग नाही. स्प्रिंकलर पहाटे दोन ते पाच या वेळात चालवायचे: वारा पडलेला असतो, तुषार प्रेक्षागृहात उडत नाहीत, आणि सरावाला कोणी उतरेपर्यंत काही तासांचं ऊन पानांवर पडलेलं असतं. संध्याकाळी सातला पाणी मारून ठेवलं तर पान रात्रभर ओलं राहतं आणि बुरशीला तेच हवं असतं. पाइप वेगळ्या रंगाचा, नळावर ‘पिण्यासाठी नाही’, आणि पिण्याच्या लाइनशी कुठेही जोड नाही. नोझल चोंदू नयेत म्हणून डिस्क फिल्टर लावतात, तो आठवड्याला उघडून धुतला नाही तर शेवाळाने काही नोझल अर्धवट मिटतात आणि मैदानावर पिवळे चंद्रकोरीसारखे पट्टे उमटतात.

ते पकडायला यंत्र लागत नाही. वीस सारखे रिकामे डबे आउटफील्डवर ठेवायचे, पंधरा मिनिटं पाणी चालवायचं आणि पट्टीने डब्यातली उंची मोजायची. एकात दोन मिलिमीटर आणि दुसऱ्यात सहा असेल तर पाणी कमी पडत नाहीये, वाटणी चुकतेय. बहुतेक मैदानं कोरड्या कोपऱ्यासाठी सगळं मैदान जास्त वेळ भिजवतात, आणि नऊचे बारा टँकर तिथेच होतात.

झाडांचं म्हणाल तर २०२३ च्या आयपीएलच्या बाद फेरीत एका निर्धाव चेंडूमागे ५०० रोपं ठरली, २९४ चेंडू निर्धाव पडले, रोपं झाली १,४७,०००. आनंदच आहे. पण लावलेल्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावं लागतं. आठवड्याला एकदा दहा लिटर धरले तर एका पाळीला १४ लाख ७० हजार लिटर. चार पाळ्यांत ५९ लाखांच्या जवळ. मैदानांचा तो गाजलेला आकडा रोपं एका महिन्यात पिऊन टाकतात. रोपं लावू नयेत असं नाही. ती कुठे लावली, पाणी कोण घालतं आणि तिसऱ्या वर्षी किती जगली, हे आकडे निर्धाव चेंडूंच्या आकड्याशेजारी छापले जायला हवेत. पडद्यावर झाडाचं चित्र उमटलं ते लावण्याचं, जगण्याचं नाही.

विनोदाबद्दल एवढंच: लेखातली थट्टा दुष्काळग्रस्तांची नव्हती, खुर्च्यांची होती. खडकवासला साखळीतल्या चार धरणांत मिळून २९.१५ टीएमसी मावतं, एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. त्यातलं पुण्याला किती आणि दौंड-इंदापूरच्या आवर्तनाला किती, हे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या बैठकीत ठरतं. हा खरा मोठा निर्णय असतो आणि तो बातमीत चार ओळींत संपतो. मैदानाचा स्प्रिंकलर मात्र आठवडाभर पडद्यावर फिरतो. पण ते वाचताना तुम्हाला बऊर आठवलं असेल तर लेखात बऊरचा उल्लेख यायलाच हवा होता, तो जोडतो.

तुम्ही शेवटी विचारलंत, सामान्य माणसाने करायचं काय. मीटरचे आकडे मागायचे. क्रिकेट संघटनेकडे नको, तिथे ‘आम्हाला कायदा लागू नाही’ यावरच वर्ष जाईल. पाणी देणारं खातं सरकारी आहे, त्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत तीस दिवस. पहिल्या अर्जात मैदानाशी झालेल्या पाणी कराराची प्रत आणि त्यातला वापराचा प्रकार. दुसऱ्यात मार्च ते मेची महिनावार मीटर नोंद आणि बिलं. तिसरा अर्ज महापालिकेकडे: प्रक्रिया केंद्रातून टँकरने कोणाकोणाला किती पाणी गेलं, त्याचं रजिस्टर, आणि त्या महिन्यांतले बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तपासणी अहवाल. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आधीच्या उन्हाळ्याचे अर्ज टाकले तर पहिला सामना सुरू व्हायच्या आत कागद हातात येतात. ते आले की इथे पाठवा, डब्यातल्या मिलिमीटरशी ताळा घालून देतो.