घोड्याचे वाक्य आणि हळदीचे पाकीट

सांगली परिसरात हळद, बेदाणा, मसाले यांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे : ग्राहकाला विचारत बसू नका, कारण ‘लोकांना विचारले असते तर त्यांनी अधिक वेगाने धावणारा घोडा मागितला असता’ असे अमेरिकेतले मोटार-उत्पादक हेन्री फोर्ड म्हणाले होते, माल चांगला असेल तर तो आपोआप खपतो, आणि पाकिटावर जितके गुण लिहाल तितका विश्वास वाढतो.

फोर्ड हे वाक्य बोलल्याचा त्यांच्या काळातला पुरावा मिळालेला नाही. ते खरे धरले तरी त्यातून उलटाच अर्थ निघतो. ‘अधिक वेगाने’ ही गरज ग्राहकाने नेमकी सांगितली आहे. ती घोड्याने भागवायची की मोटारीने, हे उत्पादकाने ठरवायचे. शिवाय १९०८ साली आलेली ‘मॉडेल टी’ ही मोटार फोर्ड फारसा बदल न करता विकत राहिले आणि लोक बंद टपाच्या, रंगीत, हप्त्याने मिळणाऱ्या इतर गाड्यांकडे वळल्यावर १९२७ मध्ये त्यांना तिचे उत्पादन थांबवावे लागले.

चूक बहुधा प्रश्नात असते. आम्ही अर्ध्या किलोची पाकिटे काढण्यापूर्वी ‘आमची हळद घ्याल का?’ असे वीस घरांत विचारले. तोंडावर नाही कोण म्हणणार? विसांनीही होकार दिला आणि पाकिटे पडून राहिली. नंतर विश्रामबागेतल्या एका काकूंना ‘मागची हळद कधी, कुठून, किती आणली?’ एवढेच विचारले, तेव्हा त्यांनी डबाच उघडून दाखवला : वर्षाची हळद हळकुंडे आणून कांडप गिरणीत दळलेली, दुकानातली फक्त अडीनडीला, तीही शंभर ग्रॅम. आमची स्पर्धा त्या गिरणीशी होती, हे आम्हाला तेव्हा समजले.

चांगला माल आपोआप खपतो, हा समज मार्केट यार्डातून आला असावा आणि तिथे तो बराचसा खराही आहे, कारण सौद्याच्या वेळी खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. दुकानातले बंद पाकीट कोणी मोडून पाहू देत नाही.

राहिले गुण. आमच्या पहिल्या पाकिटावर ते अकरा होते, त्यांत ‘सर्व रोगांवर गुणकारी’ हाही (लिहिणारा मीच). अन्नपदार्थ रोग बरा करतो असा दावा करायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या खास मालाची सरकारी नोंद) मिळाले, म्हणून त्याचे चिन्ह कोणीही छापावे असेही नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून आधी नोंदणी करावी लागते. आता बंधनकारक तपशील मागे छापतो आणि पुढे एवढेच : ‘राजापुरी हळद. यंदाचे पीक. १०० ग्रॅम.’ हा नमुना त्याच काकूंना दाखवला, तर त्यांनी विचारले, “यंदाचे म्हणजे कोणत्या सालचे?” तेव्हापासून साल छापतो.