‘पळपुटा’ म्हणणाऱ्या वाचकाला

अमेरिकन फुटबॉलमध्ये डेट्रॉइट लायन्स संघाकडून चेंडू घेऊन धावणारा बॅरी सँडर्स, त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाची भलीमोठी प्रतिक्रिया आली. तिथेच चार ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते आवरेना, म्हणून वेगळं लिहितोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लेखात आकडा चुकलाय. सराव शिबिराच्या तोंडावर फॅक्स पाठवून संघाला वाऱ्यावर सोडणारा माणूस ‘पळपुटा’ असतो. करारापोटी घेतलेले पैसे त्याने सरळ परत केले नाहीत. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, तो चालला नाही. आणि शेवटी, ‘तुमच्यासारख्या परदेशस्थ काकांनी क्रिकेटवर लिहावं, हा खेळ तुमच्या आवाक्यातला नाही.’

आकड्याचं तुमचं बरोबर आहे. 1988 च्या हंगामात ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून सँडर्सने 39 टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं) केले आणि ते सगळे धावून, असं मी लिहिलं होतं. धावून 37 होते, उरलेले दोन समोरच्या संघाने लाथेने मारलेला चेंडू (किक आणि पंट) परत आणताना झाले. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवलीत, आभार. पण ती दाखवताना ‘लिहिण्याआधी जरा वाचायची सवय लावा’ हे कशासाठी? तुमची माझी ओळख नाही. अनोळखी माणसाशी असं बोलायला आमच्या घरात कुणी शिकवलं नाही.

आता आवाक्याचं. मी 1996 साली डेट्रॉइटजवळ मोटारींच्या कामात आलो. 1997 च्या थँक्सगिव्हिंगला ऑफिसातल्या एकाने जास्तीचं तिकीट दिलं आणि पाँटिअॅकच्या सिल्व्हरडोममध्ये अगदी वरच्या रांगेत जाऊन बसलो. नियमही धड ठाऊक नव्हते. लायन्ससमोर शिकागो बेअर्सचा संघ. सँडर्स जेमतेम पाच फूट आठ इंच, निळ्या जर्सीवर 20 नंबर. चेंडू घेऊन मधे घुसला, तर पुढे माणसांची भिंत. त्याने एक पाय रोवला, खांदे एकीकडे गेले, कंबर दुसरीकडे, आणि अंगावर झेपावलेला गडी रिकाम्या हवेला मिठी मारून पडला. मी उठून उभा राहिलो. कॉलेजात चार वर्षं खो-खो खेळलोय, हुलकावणी म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. त्या दिवशी त्याने धावून चेंडू 167 यार्ड पुढे नेला आणि तीन टचडाउन केले, लायन्स 55-20 ने जिंकले, आणि कारकिर्दीच्या एकूण यार्डांत एरिक डिकरसनला मागे टाकून तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. टचडाउन झाला की नाच नाही, हातवारे नाहीत. चेंडू पंचाच्या हातात द्यायचा आणि चालू लागायचं.

आणि तुम्ही म्हणता पळपुटा.

हा शब्द मला झोंबला, लपवत नाही. एकोणिसाव्या वर्षी माझा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले थांब, मी थांबलो. आमच्या प्रशिक्षकांनी अख्ख्या संघासमोर हाच शब्द वापरला होता. आज साठीला आलो, अजूनही जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि तो शब्द आठवला नाही असा जिना उतरलेलो नाही. तेव्हा थांबणं आणि पळणं यातला फरक मला तुमच्यापेक्षा जास्त कळतो. हे उद्धट वाटत असेल तर वाटू दे.

सँडर्सने काय काय पाहिलं होतं, ते तुम्ही पाहिलंय का? 1991 मध्ये त्याच्याच संघातला माइक अटली सिल्व्हरडोमच्या मैदानावर पडला, तो पुन्हा खेळलाच नाही, छातीखालचं अंग लुळं पडलं. 21 डिसेंबर 1997 ला न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध सँडर्सने हंगामातले 2000 यार्ड ओलांडले. असं करणारा तो तिसराच. त्याच सामन्यात लायन्सच्याच रेजी ब्राउनच्या मणक्याला इजा झाली, त्याचा श्वास थांबला आणि मैदानावरच तो परत आणावा लागला. मी ते टीव्हीवर बघत होतो. विक्रम झाल्याचा आनंद आमच्या घरात कुणाला झाला नाही.

पुढच्या वर्षी संघ 16 पैकी 11 सामने हरला. सेंटर (पुढच्या फळीत मधोमध उभा राहून वाट मोकळी करणारा) केव्हिन ग्लोव्हर, ज्याच्या मागून सँडर्स इतकी वर्षं धावला, त्याला आधीच जाऊ दिलं होतं. सततच्या हरण्याने आणि अशा निर्णयांनी आपण विटलो, हे सँडर्सने स्वतःच पुढे सांगितलं आहे.

1999 च्या जुलैत तो थांबला तेव्हा 15,269 यार्ड होते. कारकिर्दीतल्या यार्डांचा विक्रम वॉल्टर पेटनचा, 16,726. फरक 1,457. आदल्या, त्या पडेल हंगामातही त्याने 1,491 काढले होते. म्हणजे एक वर्ष रेटलं असतं तर विक्रम खिशात होता. पळपुटा माणूस कीर्ती हाताशी आल्यावर पळतो का? ती पदरात पाडून घेतो आणि मग जातो.

पैशांचा वाद लवादापुढे गेला आणि तिथे मिटला, त्यावर मला अधिक बोलायचं नाही. प्लेऑफचं म्हणाल तर ग्रीन बेमधल्या सामन्यात 13 वेळा चेंडू घेऊन उणे एक यार्ड, हा आकडा मलाही पाठ आहे. एका सामन्यावरून दहा वर्षं मोजायची असतील तर खुशाल मोजा. फॅक्स हा निरोप घ्यायचा बरा मार्ग नव्हता म्हणता, असेल. लाजाळू माणूस होता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त उलट लिहायचं असेल तर आधी 1989 च्या शेवटच्या सामन्याबद्दल लिहा. अटलांटात, पहिल्याच हंगामात, सामना हातात आलेला. त्या हंगामात सर्वांत जास्त यार्ड धावणाऱ्यांच्या यादीत सँडर्स 1,470 वर, कॅन्सस सिटीचा ख्रिश्चन ओकोये 1,480 वर. प्रशिक्षकांनी विचारलं, जायचं का आत? हा एकविसाव्या वर्षीचा पोरगा नको म्हणाला आणि बाकावर बसून राहिला. त्या 10 यार्डांबद्दल लिहा, मग बोलू.