दोनच ओळींचं कडवं

पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रजी कवी विल्फ्रेड ओवेन. त्याची 'डल्से एट डेकोरम एस्ट' सगळीकडे युद्धविरोधी कविता म्हणून शिकवली जाते. देशासाठी मरण्यात गोडवा आहे, या जुन्या लॅटिन वचनाला कवीने खोटं ठरवलं, एवढं सांगून तास संपतो. अर्थ बरोबरच आहे. पण मला दरवेळी वाटतं, या कवितेचा जीव शेवटच्या त्या फटकाऱ्यात नाही. तो मधल्या दोन ओळींत आहे आणि त्यांच्यावरून आपण भरभर पुढे निघून जातो.

आधी काय घडतं ते आठवा. दमलेभागलेले सैनिक चिखल तुडवत परत चाललेत. विषारी वायूचा हल्ला होतो. सगळे धडपडत मुखवटे चढवतात, एकाला ते जमत नाही. मुखवट्याच्या काचेतून, हिरव्या धूसर उजेडात, समुद्राखाली असावा तसा तो बुडताना कवीला दिसतो. इथवर सगळं भूतकाळात आहे. मग जागा सोडून दोनच ओळींचं कडवं येतं आणि काळ बदलतो. माझ्या सगळ्या स्वप्नांत तो माझ्या अंगावर झेपावतो, गुदमरत, बुडत. आणि यमक कशाशी जुळवलंय? आधीच्या कडव्यातल्या 'बुडत' या शब्दाशी, पुन्हा तोच शब्द वापरून. यमकावर इतकी हुकमत असलेल्या ओवेनला दुसरा शब्द सुचला नसेल, हे मला पटत नाही. त्या माणसाचं मनच त्या शब्दापुढे सरकत नाहीये.

ही कविता त्याने लिहायला घेतली १९१७ मध्ये, एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात. युद्धात मन मोडलेल्या अधिकाऱ्यांवर तिथे उपचार होत. 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, असा आधी समज होता. मग स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांची वाचा जाऊ लागली, हातपाय थरथरू लागले. लष्करात अनेकांना यात निव्वळ भेकडपणा दिसे. पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली ती २००६ मध्ये. पीटीएसडी, म्हणजे भयंकर आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार, हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं १९८० साली. म्हणजे आजाराला आज आपण वापरतो ते नाव मिळण्याच्या साठ-बासष्ट वर्षं आधी त्याचं मुख्य लक्षण एका तरुणाने दोन ओळींत नोंदवून ठेवलं होतं: घडून गेलेली गोष्ट घडायची थांबत नाही. ओवेन बरा होऊन आघाडीवर परतला आणि ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, मारला गेला. पंचवीस वर्षांचा होता.

त्याच रुग्णालयात त्याला सीगफ्रीड ससून भेटला, तोही सैनिक आणि कवी. ससूनच्या 'रिप्रेशन ऑफ वॉर एक्स्पीरिअन्स' या कवितेत लढाईचं एकही दृश्य नाही. रात्रीची वेळ, मेणबत्ती, तिच्याभोवती घिरट्या घालणारा पतंग, कपाटात शिस्तीत उभी पुस्तकं. एक माणूस स्वतःला समजावतोय: पाइप पेटव, पुस्तक काढ, नको ते विचार मनात आणू नकोस. आणि सगळं समजावून झाल्यावर शेवटी त्याच्या कानात तोफाच सुरू होतात. 'विचार करू नकोस' हा सल्ला आपण आजही दुःखात असलेल्या माणसाला किती सहज देतो. तो सल्ला आतून कसा वाटतो, हे मला या कवितेने दाखवलं.

कविता म्हणजे काही आजारपणाचा दाखला नव्हे, असं कुणी म्हणेल. मान्य. पण दाखल्यावर लक्षणांची नावं असतात. तीच लक्षणं घेऊन रात्र कशी काढायची असते, ते तिथे लिहिलेलं नसतं.

अमेरिकन कवी युसेफ कोमुन्याकाची 'फेसिंग इट' मला याच घरातली वाटते. व्हिएतनामहून परतलेला सैनिक वॉशिंग्टन शहरातल्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकासमोर उभा आहे. काळ्या ग्रॅनाइटवर मृतांची ५८,०२२ नावं. ती वाचताना आपलंही नाव सापडेल असं त्याला अर्धवट वाटत राहतं. जिवंत परतल्याची त्याची अजून पुरती खात्रीच पटलेली नाही.

आणि आयव्हर गर्नी. त्याचं नाव इतकं कमी घेतलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरचा कवी, संगीतकार, पहिल्या महायुद्धातला साधा शिपाई. १९१७ मध्ये आधी गोळी लागली, मग विषारी वायू. युद्धाआधीही त्याला मानसिक त्रास झाला होता, त्यामुळे सगळं खापर खंदकांवर फोडता येणार नाही. पण १९२२ पासून मृत्यूपर्यंतची पंधरा वर्षं तो मनोरुग्णालयात होता आणि तिथे बसून पुन्हा पुन्हा खंदकांवरच लिहीत राहिला. जगाचं युद्ध संपलं होतं, त्याच्या कागदावर ते चालूच होतं.

तिथे त्याला भेटायला हेलन थॉमस यायच्या. त्यांचे पती, कवी एडवर्ड थॉमस, १९१७ मध्ये अरासच्या लढाईत गेले होते. एकदा येताना त्या एडवर्डनी वापरलेला ग्लॉस्टरशरचा नकाशा घेऊन आल्या. नकाशा पलंगावर पसरला. मग दोघांनी त्यावर बोट ठेवलं आणि त्याच्या ओळखीच्या पायवाटांनी, गावांमधून, टेकड्यांवरून ती बोटं बराच वेळ चालत राहिली.